जहाजावरचा शेक

क्रूझ कंपनीकडून आलेल्या कागदांमध्ये जहाजावर न आणायच्या वस्तूंची यादी होती. इस्त्री, पाणी तापवायची किटली, बुडवून तापवायची कॉइल, मेणबत्त्या, आणि त्याच ओळीत हीटिंग पॅड. बाकीच्या वस्तूंशी माझा संबंध नव्हता. हीटिंग पॅडशी मात्र रोजचा होता. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी काही वर्षांपूर्वी सरकली, तेव्हापासून सकाळी शेक घेतल्याशिवाय मला वाकून मोजे घालता येत नाहीत. कंबर सकाळी आखडलेली असते, दुपारपर्यंत सैल होते, आणि फार वेळ उभं राहिलं की संध्याकाळी डाव्या मांडीत कळ उतरते. गोळ्या मी अगदी अडल्यावरच घेते, कारण पोटाला सोसत नाहीत. त्यामुळे शेक हाच माझा मुख्य आधार आहे, आणि तोच नेता येणार नाही असं त्या कागदावर लिहिलं होतं.

बरोबर येणारी माझी थोरली बहीण म्हणाली, "अगं, कपड्यांच्या घडीत घालून ने. कोण बघतंय?" बघतात. चढताना प्रत्येक बॅग स्कॅनरमधून जाते आणि अशा वस्तू बाजूला काढून ठेवतात. पण नसतं बघितलं तरी मी पॅड नेलं नसतं, कारण आगीबद्दल जहाजवाले इतके कडक का असतात हे मी तोवर वाचलं होतं. २३ मार्च २००६ रोजी कॅरिबियन समुद्रात स्टार प्रिन्सेस या जहाजाला पहाटे आग लागली. एका बाल्कनीत पडलेलं सिगारेटचं थोटूक हे तिचं सर्वांत संभाव्य कारण, असं तपासात निघालं. आग बाल्कन्यांमधल्या आडोशांवरून पसरत गेली आणि धुराने एका प्रवाशाचा जीव गेला. भर समुद्रात अग्निशमन दल येत नाही, जहाजावरच्या लोकांनाच आग विझवावी लागते. अंगाखाली पॅड ठेवून माणूस झोपी गेला, वायर दुमडली, वर चादर आणि उशी, अशी कितीतरी बंद दारं एकाच जहाजावर असतात. हे डोळ्यांपुढे आल्यावर नियम मला पटला.

नियम सगळीकडे सारखा नसतो. काही कंपन्या हीटिंग पॅडला सरसकट नाही म्हणतात, काही डॉक्टरांचं पत्र पाहून परवानगी देतात. म्हणून यादी वाचून गप्प बसू नये, लेखी विचारावं. वैद्यकीय गरजा असलेल्या प्रवाशांसाठी बहुतेक कंपन्यांचा वेगळा विभाग असतो. त्यांना मी डॉक्टरांच्या पत्रासह विचारलं, आणि उत्तर शांतपणे वाचता यावं म्हणून निघण्याच्या बरंच आधी विचारलं. उत्तर स्पष्ट होतं. विजेचं पॅड चालणार नाही, बॅटरीवरचा गरम पट्टाही नाही, रबरी गरम पाण्याची पिशवी आणि एकदा वापरून टाकायचे हीट रॅप चालतील. पलंगाजवळ सॉकेट नसतं म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय, असलेला बोर्ड जहाजावर चालत नाही. जहाजाच्या वीजव्यवस्थेत घरासारखी एक तार जमिनीशी जोडलेली नसते, त्यामुळे असा बोर्ड तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल इशारा दिलेला आहे.

मग विजेशिवाय ऊब कशी मिळवायची, याचा शोध सुरू झाला. धान्य भरलेली कापडी पिशवी उत्तम, पण ती मायक्रोवेव्हमध्ये तापवावी लागते आणि केबिनमध्ये मायक्रोवेव्ह नसतो. आतली धातूची चकती टिचकवली की गरम होणारी जेलची पिशवी मला फार आवडली होती. त्या पिशवीत सोडियम अ‍ॅसिटेट असतं. चकती दाबली की द्रवाचे पटापट स्फटिक होतात आणि ती चोपन्न अंशांच्या आसपास तापते. पण पुन्हा वापरायची तर स्फटिक पूर्ण विरघळावे लागतात, त्यासाठी ५८ अंशांच्या वर तापमान हवं, म्हणजे पिशवी उकळत्या पाण्यात ठेवायला हवी. किटली नाही, शेगडी नाही, तर ती पहिल्या वापरानंतर नुसती घट्ट वडी होऊन पडणार. ती बाद झाली.

राहिले दोन पर्याय, आणि प्रवासभर त्या दोघांवरच माझं भागलं.

हीट रॅप म्हणजे कमरेला गुंडाळायचा पातळ कापडी पट्टा. त्याच्या कप्प्यांमध्ये लोखंडाची बारीक भुकटी, कोळशाची पूड, मीठ आणि थोडं पाणी असतं. पाकीट फोडलं की हवेतला ऑक्सिजन आत शिरतो आणि लोखंड गंजायला लागतं. गंजताना उष्णता सुटते. कुंपणाच्या तारेवर हेच वर्षानुवर्षं चालतं, इथे भुकटी बारीक आणि मीठ-पाणी सोबतीला असल्याने ते आठ तासांत उरकतं. पूर्ण तापायला अर्धा तास लागतो, मग तो साधारण चाळीस अंशांवर स्थिर राहतो. ना वायर, ना ज्योत, ना बॅटरी. शर्टाच्या आत घातला तर कुणाला कळतही नाही.

चाळीस अंश ऐकून मी जरा नाराज झाले होते. घरी माझं पॅड नेहमी सगळ्यात वरच्या खुणेवर असे. सोसवेल तेवढं गरम, तेवढा गुण लवकर, असंच मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या फिजिओथेरपिस्टने मला त्यावर खुर्चीत बसवून नीट समजावलं. ती माझ्या भाचीच्या वयाची आहे आणि मला काकू म्हणते. "काकू, उष्णता मणक्यापर्यंत पोचत नाही. वरच्यावर दिलेला शेक त्वचा आणि तिच्या खालचा थोडाच भाग तापवतो. तरी बरं वाटतं, कारण मज्जातंतूंना उबेची खबर मिळते आणि दुखण्याची खबर मागे पडते." रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलेली कल्पना ती हीच. मज्जारज्जूत एक प्रकारचं फाटक असतं, स्पर्श आणि ऊब यांचे संदेश आले की दुखण्याच्या संदेशांना ते अंशतः बंद होतं. त्याशिवाय ऊब मिळाली की स्नायूंचा ताठरपणा उतरतो, रक्तप्रवाह वाढतो आणि ताणताना ऊती कमी अडतात.

मग तिने वरची मर्यादा सांगितली. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारा रेणू असतो, मिरचीच्या तिखटपणाने चाळवणारा. तोच ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेनेही जागा होतो आणि मेंदूला भाजल्याची खबर देतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या रिसेप्टरांच्या शोधासाठी ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे चटका बसेपर्यंत शेकायचं ठरवलं तर आपण ऊब सोडून इजेच्या हद्दीत शिरतो, आणि आखडलेला स्नायू सैल पडायचा तो पुन्हा घट्ट होतो. चाळीस अंश त्या हद्दीच्या अलीकडे आहेत, म्हणून तेवढी ऊब तासन्‌तास घेता येते. २००२ मध्ये स्पाइन या नियतकालिकात छापून आलेल्या एका चाचणीत नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीच्या रुग्णांना असेच चाळीस अंशांचे रॅप दिवसाला आठ तास दिले होते. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं दुखणं जास्त उतरलं. माझं दुखणं जुनं आहे, तेव्हा तो निष्कर्ष मला जसाच्या तसा लागू नाही. पण सौम्य आणि दीर्घ शेक हा जहाल आणि अल्प शेकापेक्षा हलका नाही, एवढं मला पटलं.

चढायच्या दिवशी मी पहिला रॅप बंदराकडे निघतानाच उघडला. रांगेत लागल्यावर उघडला असता तर तापेपर्यंत कंबर गेली असती. बॅगा देण्याची रांग, तपासणीची रांग, कागदपत्रांची रांग. उभं राहणं हे माझ्या कमरेला चालण्यापेक्षा जड जातं, आणि तिथे चालायला जागा नसते. व्हीलचेअरची सोय मागता येते. मी ती मागितली नाही, पण वाटेत बसायला खुर्ची हवी असं आधी कळवलं होतं आणि ती मिळाली. शिवाय ताईने माझी हातातली पिशवी घेतली ती केबिनपर्यंत परत दिली नाही.

केबिन आम्ही जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घेतली होती. खिडकीतून फार काही दिसत नाही, पण जहाज पुढे-मागे आणि आजूबाजूला ज्या मध्यावर डोलतं त्याच्या जवळ असल्याने हेलकावा कमी जाणवतो. कमरेच्या माणसाने दृश्यापेक्षा याला पैसे द्यावेत असं माझं ठाम मत झालं आहे. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यांनी डोलणं बरंच कमी होतं, संपत मात्र नाही. आपण हातात कप घेऊन नुसते उभे असलो तरी पाठीचे आणि पोटाचे स्नायू सारखे बारीक दुरुस्त्या करत असतात. पहिल्या संध्याकाळी फारसं चालणं झालेलं नसतानाही माझी कंबर दिवसभर राबल्यासारखी भरून आली होती. कारण ठाऊक असल्याने मी घाबरले नाही.

पलंगाची गादी मऊ होती. खोली आवरणाऱ्या स्टुअर्डला सांगितल्यावर त्याने गादीवरचा मऊ थर काढून दिला आणि जादा उश्या आणल्या. उताणं झोपताना एक गुडघ्यांखाली, कुशीवर वळताना तीच दोन्ही गुडघ्यांमध्ये. हे मागायला संकोच वाटतो, पण त्यांना असल्या मागण्यांची सवय असते.

आता सकाळ. कसोटी तिथेच होती, म्हणून ती नीट सांगते.

झोपेत कंबर आखडते, त्यात रात्रभर जहाज हललेलं. उठल्या उठल्या मी आंघोळीच्या खोलीत जाऊन पिशवी भरून आणी. उकळतं पाणी कॅफेतून कपात आणता येईल असं ताई म्हणाली होती, पण हलत्या जिन्यावरून ते आणायचं कशाला? नळाचं गरम पाणी मला पुरलं. पिशवी दोन-तृतीयांशच भरायची, बूच लावण्याआधी आतली हवा दाबून काढायची म्हणजे ती कमरेच्या खोलगट भागात नीट बसते, आणि वर तिचं कापडी आवरण हवंच. पिशवी नवीन घेताना तिच्या तोंडाजवळचं फुलाच्या आकाराचं चिन्ह बघा. ती कधी बनली ते त्यावरून कळतं. दोन वर्षांनंतर पिशवी बदलावी असं सांगतात, कारण रबर आतून विरतं आणि फुटतं ते नेमकं अंगाखाली असताना. म्हणून मी तिच्यावर झोपत नसे. कुशीवर होऊन ती मागे टेकवून ठेवत असे.

वीस मिनिटांनी पिशवी बाजूला, आणि त्याच मिनिटाला हालचाल सुरू. याच जागी माझी घरची सवय आणि जहाजावरची सवय यांत फरक पडला. घरी शेकून झाल्यावर बरं वाटे म्हणून मी तशीच पडून राहत असे. फिजिओने निघताना बजावलं होतं, "शेकाने मिळालेली अर्ध्या तासाची मोकळीक पडून घालवू नका, काकू. ती व्यायामासाठी आहे." वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००६ च्या आढाव्यातही, शेकाला व्यायामाची जोड दिली तर त्याचा उपयोग वाढतो असं नोंदलेलं आहे. तेव्हा पलंगावरच पाठीवर पडून गुडघे दुमडायचे आणि कंबर गादीला चिकटवायची, मग सोडायची. मग एक गुडघा छातीकडे, मग दुसरा. मग हातापायांवर येऊन पाठ वर उचलायची आणि खाली सोडायची, मांजर अंग ताणतं तशी. पलंग आणि भिंत यांच्यातली जागा एवढीशी होती, पण या व्यायामांना तेवढी पुरते. शेवटी कुशीवर वळून पाय खाली सोडायचे आणि हातावर भार देत उठायचं. उताण्या अवस्थेतून सरळ उठून बसणं माझ्या कमरेला आजही चालत नाही.

मग आंघोळ. जहाजावरची आंघोळीची जागा अगदी चिंचोळी, पण भिंतीवर धरायला दांडा असतो. त्याला धरून, पुढे किंचित झुकून, कमरेवर गरम धार घ्यायची. वेगळी वेळ न काढता हा दुसरा शेक होऊन जातो. आणि त्यानंतर लगेच डेकवर चालणं. बऱ्याच जहाजांवर चालण्यासाठी आखलेली फेरी असते. पहाटे तिथे कुणी नसतं, वारा अंगावर येतो, आणि मी ताईच्या पुढे निघून जात असे. दोन-तीन सकाळींनंतर मोजे घालताना थांबावं लागेनासं झालं. त्यामागे समुद्राची हवा, सुट्टीचा निवांतपणा आणि चालणं हे सगळंच असणार. तरी शेकानंतर लगेच हालचाल हा क्रम चुकला की दिवस जड जाई, हे माझं मला स्पष्ट दिसत होतं.

जहाजावर गरम पाण्याचे टब आणि स्पा असतात, त्याबद्दल लोक फार उत्साहाने बोलतात. टबचं पाणी चाळीस अंशांच्या वर नसावं अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. त्यात बसल्यावर पाण्याच्या आधाराने मणक्यावरचा भार हलका होतो, आणि ते सुख खरंच मोठं आहे. मी पंधरा मिनिटांवर थांबत असे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, गरम पाण्यात रक्तवाहिन्या आणखी सैलावतात आणि झटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. म्हणून आधी पायरीवर बसायचं, मग दांडा धरून उभं राहायचं, आणि ताई बाहेर टॉवेल घेऊन उभी. गर्भवतींनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि मद्य घेतलेल्यांनी टबात उतरू नये, हे तिथल्या पाटीवरही असतं. सॉनाची मात्र मला गरज वाटली नाही. ऐंशी-नव्वद अंशांची कोरडी हवा सगळ्या अंगाला तापवते, घाम काढते, थकवते. कंबर एकटीच दुखत असताना तो मार्ग लांबचा आहे. त्याउलट स्पामधले तापवलेले सिरॅमिकचे लांब आसन हे माझ्यासाठी सगळ्या जहाजावरची सर्वोत्तम जागा ठरली. ते पाठीच्या वळणाप्रमाणे घडवलेलं असतं, ऊब सौम्य आणि सगळीकडे सारखी, गुडघे किंचित वर. समुद्रात असताना दुपारी मी तिथे जाई आणि उठल्यावर डेकवर फेरी मारी.

एका रात्री समुद्र खवळला. वाऱ्याचा इशारा संध्याकाळीच झाला होता. मध्यरात्री कुशी बदलताना जहाजाने एकदम कलंडल्यासारखं केलं, मी सावरायला गेले आणि कमरेत अशी उसण भरली की श्वास घेता येईना. जिथे होते तिथेच गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिले. ताई जागी झाली, पण पिशवी भरायला मी तिला सांगितलं नाही. तशा हलत्या खोलीत गरम पाणी हाताळणं हा दुखण्यापेक्षा मोठा धोका होता. त्या वेळी रॅप कामाला आला. ताईने पाकीट फोडलं, पातळ बनियनवरून तो बांधून दिला. मी पंचावन्न ओलांडली आहे. या वयानंतर रॅप थेट त्वचेवर न लावता कपड्यावरून लावावा आणि लावून झोपू नये, असं पाकिटावरच छापलेलं असतं, कारण वयाने त्वचा पातळ होते आणि उष्णतेची जाणीव मंदावते. झोप तशीही येणार नव्हती. आम्ही दोघी बोलत बसलो आणि पहाटे डोळा लागण्याआधी तो काढून ठेवला.

ताईने तेवढ्यात बामची बाटली काढली. "आधी बाम चोळते, मग वरून पट्टा बांधू, लवकर आत मुरेल." मी तिचा हात धरला. बाम आणि शेक एकावर एक कधीही घेऊ नयेत. मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांमुळे त्वचेला गंभीर भाजल्याच्या काही तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये इशारा दिला होता, आणि अशा मलमांवर शेक, पट्टी किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवू नये असं सांगितलं होतं. औषधाचे चिकटपट्टे लावणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. फेंटॅनिलसारख्या वेदनाशामकाच्या पट्टीवर उष्णता लागली तर औषध एकदम जास्त शोषलं जाऊन जिवावर बेतू शकतं.

सकाळी मी जहाजावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी शेकाबद्दल नंतर विचारलं, आधी वेगळेच प्रश्न विचारले. पाय बधिर झालाय का, पाऊल लुळं पडतंय का, लघवी अडली किंवा नकळत झाली का, मांड्यांच्या मधल्या भागातली संवेदना गेली आहे का, ताप आहे का. यांतलं एक जरी असतं तर ते शेकाचं दुखणं राहत नाही. मणक्यातल्या शेवटच्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आला असेल तर तासांचा हिशेब असतो आणि रुग्णाला किनाऱ्यावर हलवावं लागतं. ज्यांना कंबरेचं जुनं दुखणं आहे त्यांनी हे प्रश्न पाठ करून ठेवावेत, मी त्यासाठीच ते इथे सगळे लिहिले. माझी उत्तरं नकारार्थी होती. थोड्या गोळ्या मिळाल्या, सौम्य शेक चालू ठेवायला सांगितलं, आणि पडून न राहता धरून धरून चालत राहायला. दवाखान्याचं बिल केबिनच्या खात्यावर चढतं आणि ते हलकं नसतं. प्रवासविमा घेताना मी जुनं दुखणं जाहीर केलं होतं, म्हणून मला ते पुढे मागता आलं. विम्याच्या अर्जात कंबर लपवू नका.

बंदराच्या दिवसांबद्दल थोडक्यात. रॅप सगळ्यात जास्त तिथेच उपयोगी पडतो, कारण बसमध्ये आणि रस्त्यात दुसरा कुठलाच शेक मिळत नाही. सहली निवडताना पायऱ्या किती आणि बस किती वेळ हे मी आधी विचारलं आणि एक सहल सोडून दिली. एका ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नव्हतं, लहान बोटीने जायचं होतं. मोठ्या जहाजातून हलत्या बोटीत पाऊल टाकणं हा कमरेला सगळ्यात वाईट क्षण. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात, त्यांना धरू द्यावं, आणि बोट वर येईल त्या वेळी पाऊल टाकावं, खाली जाताना नाही. बसमध्ये पाठ सीटला घट्ट टेकलेली असताना रॅपवर दाब येतो आणि तो एकाच जागी जास्त तापू शकतो. मी अधूनमधून पुढे सरकून बसत असे. आठ तास झाले की रॅप काढायचा, त्या दिवशी दुसरा लावायचा नाही.

त्वचा रोज बघायची, हे एक काम मी ताईकडे दिलं होतं. कमरेकडे आपल्याला स्वतःला नीट बघता येत नाही. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी उष्णतेने त्वचा किती वेळात भाजते हे मोजलं, त्यात ४४ अंशांवर सुमारे सहा तासांत इजा होते असं आढळलं. तापमान थोडं वाढलं की वेळ झपाट्याने कमी होतो. हाताला नुसतं कोमट-गरम वाटणारं पॅड रात्रभर अंगाखाली राहिलं तर काय होईल ते यावरून कळतं. आणि न भाजताही, वर्षानुवर्षं एकाच जागी शेकलं तर त्वचेवर जाळीसारखे तपकिरी-लालसर डाग उमटतात. माझ्या कमरेवर अशी फिकट जाळी आहे असं ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं. ती घरच्या पॅडची. डागांची ती जागा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायची हे मी तेव्हाच ठरवलं आणि आल्यावर दाखवली. डाग साधे आहेत, शेकाचं तापमान उतरवलं तर पुसट होतील, असं त्यांनी सांगितलं. मधुमेहामुळे पायांची किंवा पाठीची संवेदना कमी झालेल्यांनी तर हा सगळा खटाटोप डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

उतरायच्या आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवल्या की जहाजाचे लोक त्या खाली नेतात. मी माझी बॅग पलंगावर ठेवून भरली, जमिनीवर वाकून नाही, आणि दाराबाहेर ती ताईने ढकलली. थंड झालेले रॅप कचऱ्याच्या डब्यात टाकायचे असतात, आत आता नुसतं गंजलेलं लोखंड आणि मीठ उरलेलं असतं. संडासात टाकू नका, जहाजाच्या नळ्या निर्वात दाबावर चालतात आणि लगेच तुंबतात. उरलेली दोन पाकिटं मी हातातल्या पिशवीत घेतली, एक उतरायच्या रांगेसाठी आणि एक दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी. विमानात हवा विरळ असल्याने रॅप किंचित कमी तापतो, तरी पुरतो.

घरी हीटिंग पॅड आता खालच्या खुणेवर असतं आणि वीस मिनिटांनी आपोआप बंद होतं. ताईने पुढच्या वर्षीच्या सफरीची चौकशी सुरू केली आहे. मी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन आणि परवानगीचं पत्र या दोन गोष्टी तिला आधी लिहून दिल्या.